जागा क्रमांक तीन

दोनला दहा मिनिटं असताना हेस्टर प्रोबर्ट ब्रॉडलेच्या परिषद भवनाच्या पायऱ्या चढून वर आली. दाराशी एक कागद चिकटवलेला होता, आज कोण कोण बोलणार त्याची यादी. विषय क्रमांक चार, ऑर्लवुड गावाचा विकास आराखडा. बाजूने: हेस्टर प्रोबर्ट, तीन मिनिटं. विरोधात: रूबेन प्रोबर्ट, तीन मिनिटं.

तिने चष्मा काढला, कोटाच्या अस्तराला पुसला आणि पुन्हा वाचलं. नाव तेच राहिलं.

"आत्या, हे आपले आजोबा?" तिच्या खांद्यावरून वाकून टॅम्सिनने विचारलं. टॅम्सिन म्हणजे हेस्टरच्या थोरल्या भावाची, आल्विनची मुलगी.

"ऑर्लवुडात दुसरे रूबेन प्रोबर्ट असले तर मला दाखव."

"पण सकाळी मीच त्यांना अंडं उकडून दिलं. चकार शब्द बोलले नाहीत."

"बोलतात कधी ते? तुझी आजी गेल्यापासून त्या माणसाने मिठाची गुळणी धरलीय. आज तोंड उघडणार, ते माझ्याविरुद्ध."

विरोधकांतून बोलायला एकालाच मिळायचं. ज्याचा फोन आधी येईल त्याचं नाव लागायचं, आणि दुसऱ्याने कितीही आदळआपट केली तरी परिषद ते बदलत नसे. म्हणजे शहाऐंशी वर्षांच्या तिच्या बाबांनी, ज्यांना डॉक्टरांना फोन करायचा तरी आठवडाभर आठवण करावी लागते, त्यांनी सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला इथे फोन लावला होता. बिल्डरच्या माणसाच्याही आधी.

बिल्डरचा माणूस, लॅसेल्स, आत पहिल्या रांगेत बसलेला होता. चेहऱ्यावर तर काही राग दिसत नव्हता. उलट म्हातारा काठी टेकत आला तेव्हा त्याने उठून खुर्ची दिली आणि पाठीवर हात ठेवला. खुद्द जमिनीचा मालकच विरोधात बोलणार, यापरतं त्याला काय हवं होतं?

हेस्टर मागच्या रांगेत बसली. आराखड्याचं चौऱ्याण्णव पानांचं बाड तिने मांडीवर ठेवलं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवताना वर्गापुढे तिचा आवाज कधी कापला नव्हता. आज तीन मिनिटं निभावतील की नाही, याची तिला खात्री नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी आईचं दुखणं विकोपाला गेलं, शेतीही बुडीत चालली होती, तेव्हा आल्विनच्या आग्रहाखातर बाबांनी एका कागदावर सही केली. घरच्या शेतावर घरं बांधायला परवानगी मिळाली, तर जेवढ्याला मिळेल तेवढी जमीन बिल्डरला विकायची, असा तो कागद. आई गेली, कागद राहिला. आता बिल्डरचा नव्वद घरांचा अर्ज परिषदेच्या टेबलावर येऊन पडलेला होता आणि पुढच्या महिन्यात सुनावणी होती. त्याच्या आधी समितीने गावाचा आराखडा मंजूर करून गावाच्या मतदानाला नुसता पाठवला, तरी सुनावणीत तोच धरला जाणार, म्हणजे त्या शेतात फक्त चौदा घरं, तीही रस्त्याच्या बाजूला, आणि त्यांवर पहिला हक्क गावातल्या माणसांचा. वरची पेअरची जुनी झाडं आणि कुरण कायमचं मोकळं. आज समितीने नाही म्हटलं, किंवा नुसतं पुढे ढकललं, तरी सगळं मुसळ केरात जाणार होतं.

टॅम्सिनला त्या चौदांपैकी एक घर हवं होतं. लग्नाला चार वर्षं झाली तरी नवरा-बायको आल्विनच्या मागच्या खोलीत राहत होती, आणि गावात विकायला निघालेलं प्रत्येक घर शहरातली माणसं शनिवार-रविवारसाठी घेऊन टाकत होती.

"अकरा सभासद," टॅम्सिन बोटांवर मोजत म्हणाली. "पाच आपल्याकडे, पाच त्यांच्याकडे. आणि बाबा."

"आणि तुझे बाबा," हेस्टर म्हणाली.

आल्विन समितीत होता. लोखंडी चेहरा करून तो डाव्या हाताला, सहाव्या खुर्चीवर बसलेला होता. भावाबहिणीचं दोन वर्षं नीट बोलणं नव्हतं. आराखड्याने आल्विनच्या तोंडचा घास काढला, असं गावात बोललं जायचं, आणि ते काही खोटं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी मात्र हेस्टर मान खाली घालून त्याच्या गोठ्यात गेली होती.

"दादा, तुझं मत हवंय."

तो गाईचा खूर तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "दोन वर्षांनी आलीस ती मत मागायला."

"हो. दुसरं काही मागायचं तोंड नाही मला."

"टॅम्सिनला घर मिळेल त्यात?"

"तिचं नाव यादीत पहिलं असेल असं मी नाही सांगू शकत. यादी गावपंचायत करील, नियमाने."

"तू नाही का सांगू शकत? तू नि तुझे नियम." त्याने खूर खाली ठेवला. "त्या दिवशी काय करायचं ते करीन."

बास, एवढंच. त्यावर हेस्टर पंधरा दिवस जगत होती.

अध्यक्ष होत्या मिसेस ओकशॉट, सत्तरीच्या, बारीक चणीच्या. त्यांच्या हाताखाली घड्याळ होतं आणि त्या घड्याळाची सगळ्या जिल्ह्याला दहशत होती. विषय क्रमांक चार पुकारल्यावर त्यांनी नेहमीचं विचारलं, "या विषयात कुणाचे हितसंबंध आहेत काय?"

आल्विन उठला.

"जागा क्रमांक तीन माझ्या वडिलांची आहे," तो म्हणाला. "मी बाहेर जातो."

त्याने टोपी उचलली, खुर्ची नीट आत सरकवली आणि तो चालू लागला. मागच्या रांगेपाशी आल्यावरही त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. दार त्याच्यामागे सावकाश लागलं.

"बाबा गेले?" टॅम्सिन पुटपुटली. "आत्या, ते खरंच गेले?"

हेस्टरची कानशिलं तापली. सात वर्षं. महिन्याच्या पहिल्या बुधवारी पबच्या मागच्या खोलीत अकरा जणांनी सुरू केलेलं काम. त्यातले दोघे वारले, तिघे कंटाळले, उरलेल्या सहा जणांनी तीनशे चाळीस घरांचे उंबरे झिजवले. आणि ऐन वेळी हा टोपी घेऊन बाहेर. मत विरोधात टाकलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं, असं तिच्या मनात आलं.

परिषदेच्या नियोजन अधिकारी नसरीन मलिक उभ्या राहिल्या. वयाने टॅम्सिनपेक्षा फार मोठ्या नसतील, पण गेली चार वर्षं ऑर्लवुडच्या प्रत्येक पत्राला त्यांनी उत्तर दिलं होतं, खोडलं तिथे खोडलं, आणि कसं लिहिलं तर टिकेल ते धीराने समजावलं होतं. आराखडा गावाचाच राहिला पाहिजे, कार्यालयाचा होता कामा नये, हे त्या इतक्यांदा म्हणाल्या होत्या की गावातली पोरं त्यांची नक्कल करत.

"स्वतंत्र परीक्षकांनी आराखडा तपासला आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी सुचवलेले नऊ बदल गावाने मान्य केले आहेत. परीक्षक स्वतः गावात जाऊन जागा पाहून आले."

सभागृहात ऑर्लवुडच्या रांगेत खसखस पिकली. परीक्षकाने एकट्याने, कुणाशी न बोलता गाव पाहायचं असतं. तो आला ऑक्टोबरातल्या मुसळधार पावसात, आणि हा कोण ते आपल्याला ठाऊक नाही असं अख्ख्या गावाने दाखवायचं ठरवलं. एका छत्रीवाल्या अनोळखी माणसाला त्या दिवशी इतक्या लोकांनी इतकं मन लावून न पाहिल्यासारखं केलं की तो शेवटी स्वतःच हसू लागला. पोस्टातल्या बाईने भिंतीवर झाकून केक ठेवला होता. त्याने तो खाल्ला नाही, पण अहवालाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं, की इतक्या कष्टाने केलेला आराखडा आपण क्वचित पाहिला आहे. ती ओळ हेस्टरने घडी करून पर्समध्ये ठेवली होती.

तिची तीन मिनिटं आली. ती उभी राहिली आणि आवाज फुटला तो सरळ वर्गातला. गावाला घरं नको आहेत असं नाही, ती म्हणाली. गावाने स्वतःच जागा शोधल्या, सात जागा, प्रत्येकीला क्रमांक दिला आणि कोणती कुणाची ते न बघता सगळ्यांना एकाच मापाने गुण दिले. "माझ्या घरच्या जागेलासुद्धा," ती म्हणाली. "तिचं नाव मी मुद्दाम कुठेच लिहिलेलं नाही. कुणी म्हणू नये की हेस्टर प्रोबर्टने आपल्या पोळीवर तूप ओढलं." घड्याळ वाजायच्या आत ती खाली बसली. टॅम्सिनने तिचा हात घट्ट धरला.

"विरोधात," मिसेस ओकशॉट म्हणाल्या, "श्री. रूबेन प्रोबर्ट."

म्हातारा उठायला वेळ लागला. लॅसेल्स मदतीला सरसावला तेव्हा त्याने काठीनेच त्याला बाजूला केलं. कोटाच्या खिशातून त्याने एक पाकीट काढलं, पाकिटावर काहीतरी लिहिलेलं होतं, ते न वाचताच परत ठेवलं.

"या पुस्तकात माझ्या शेताला जागा क्रमांक तीन म्हटलंय," तो म्हणाला. "चाळीस ठिकाणी. मी मोजलं. माझा त्याला विरोध आहे."

सभागृहात चुळबुळ झाली.

"बोला, आपल्याला अडीच मिनिटं आहेत," मिसेस ओकशॉट म्हणाल्या.

"त्या शेताचं नाव हॅनाचा तुकडा. हॅना माझी आई. जहागीरदाराच्या घरी ती कपडे धुवायची. लढाईनंतर जहागीर लिलावात निघाली तेव्हा सगळ्या पुरुषांत ती एकटी बाई हात वर करून उभी होती, आणि लोक हसत होते. लिलावाच्या कागदात त्या तुकड्याला लॉट सतरा म्हणायचे. घरी आल्यावर आईने पहिलं काम काय केलं, तर फाटकावर नावाची पाटी ठोकली. पेअरची झाडं नंतर लावली. मी विचारलं, आई, पाटीची काय घाई? ती म्हणाली, विकायचं असतं तेव्हा आकडा देतात, राहायचं असतं तेव्हा नाव."

ही गोष्ट तिने अठ्ठावन्न वर्षांत कधी ऐकली नव्हती.

"नऊ वर्षांपूर्वी मी एका कागदावर सही केली," म्हातारा पुढे म्हणाला आणि त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. "त्या कागदावरही आकडाच होता. सर्व्हे नंबर का काय तो. नाव लिहिलेलं असतं तर माझा हात अडला असता. माझ्या मुलीने सात वर्षं जीव टाकला या पुस्तकासाठी. बाकी सगळं बरोबर आहे त्यात. चौदा घरं बरोबर, झाडं बरोबर. एवढंच चूक आहे. तेवढं दुरुस्त करा म्हणजे माझा विरोध नाही."

तो खाली बसला. लॅसेल्सच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. विरोधकांची एकुलती एक तीन मिनिटं संपली होती आणि त्यात त्याच्या बाजूचा एक शब्दही आला नव्हता. टॅम्सिन तोंडावर हात ठेवून हसत होती, आणि डोळे पुसत होती.

"आजोबांनी त्याची जागा अडवली," ती कुजबुजली. "मुद्दाम."

पण पर्ब्रिक नावाचा सभासद तेवढ्यात उठला. बिल्डरच्या पाचांपैकी तो सगळ्यांत हुशार. "अध्यक्ष महोदया, जमिनीच्या मालकांनी आराखड्यात बदल मागितला आहे. बदल म्हटला की पुन्हा जाहीर सूचना, पुन्हा सहा आठवडे. हा विषय एप्रिलपर्यंत पुढे ढकलावा असं मी सुचवतो."

झालं. एप्रिलपर्यंत घोंगडं भिजत पडलं की मार्चमध्ये नव्वद घरं आलीच. बाबांनी भाबडेपणाने एक खिडकी उघडली आणि पर्ब्रिक तिच्यातून आत शिरला.

मिसेस ओकशॉटनी नसरीनकडे पाहिलं.

"बदल असेल तर श्री. पर्ब्रिक म्हणतात ते खरं आहे," नसरीन म्हणाल्या. त्यांचा आवाज सावध होता. "चूक असेल तर ती समितीला आजच दुरुस्त करता येते. कायद्यात तशी तरतूद आहे. फक्त ती चूक होती असं आराखडा करणाऱ्यांनी सांगावं लागेल."

"मिस प्रोबर्ट," मिसेस ओकशॉट म्हणाल्या, "ही चूक होती काय? की हे मुद्दाम केलं होतं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. पर्ब्रिक हसत होता, कारण पाच मिनिटांपूर्वी तिने याच खोलीत तोंडाने सांगितलं होतं, मुद्दाम. हेस्टर उभी राहिली. नुसतं 'चूक' म्हटलं तर खोटं होईल, आणि सात वर्षांत तिने या आराखड्यात एक खोटं वाक्य येऊ दिलं नव्हतं. तिने बाबांच्या पाठीकडे पाहिलं. कोटाच्या कॉलरवर सकाळच्या अंड्याचा एक ठिपका होता.

"मुद्दाम केलं होतं," ती म्हणाली. "आपल्या माणसांना झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून. आणि तीच चूक. न्याय करायचा म्हणून मी माझ्या आजीचं नाव खोडलं. सातही जागांची नावं खोडली मी, त्या सगळ्यांना नावं आहेत. चूक आहे ती. माझीच आहे."

मग मेंढ्या पाळणारे म्हातारे डेस्मंड ट्रँटर, बिल्डरच्या पाचांपैकी एक, घसा खाकरून म्हणाले, "अध्यक्षबाई, रूबेनला एक विचारू का?"

"थोडक्यात."

"रूबेन, चौदा घरं कुठल्या अंगाला?"

"रस्त्याच्या."

"आणि यांची नव्वद?"

"निम्मी ओढ्याच्या अंगाला."

"ओढ्याच्या अंगाला?" ट्रँटर लॅसेल्सकडे वळले. "ऐंशी साली माझी मेंढी रुतली होती तिथे. चार माणसं लागली काढायला. तिथे माणसं ठेवणार तुम्ही?"

हशा झाला, तो मिसेस ओकशॉटच्या पेन्सिलीच्या टकटकीने थांबला. त्या लिहून घेणाऱ्या कारकुनाला म्हणाल्या, "चूक, असं लिहा. आणि सातही जागांची नावं मिस प्रोबर्ट आज सायंकाळपर्यंत देतील."

मग हात वर झाले. बाजूने पाच, आणि मग ट्रँटर यांचा सहावा, कोपरातून जरा वाकलेला. विरोधात चार. आराखडा गावाच्या मतदानाला जाईल, मिसेस ओकशॉटनी जाहीर केलं, मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी. विषय क्रमांक पाच.

गावाच्या मताची हेस्टरला काळजी नव्हती. नसरीन कागद गोळा करत तिच्याजवळ आल्या आणि खाली वाकून म्हणाल्या, "तुमच्या भावाचे आभार माना. ते आत बसून तुमच्या बाजूने मत देते ना, तर बिल्डरचे वकील महिन्याभरात कोर्टात असते. घरच्या माणसाने मत दिलं म्हणून सगळा निर्णय रद्द झाला असता. आज त्यांनीच तो पक्का केला."

हेस्टरला हे सुचलंच नव्हतं. गेला तासभर आपण मनातल्या मनात त्याला काय काय म्हणालो ते आठवून तिला स्वतःची लाज वाटली. आपला भाऊ एवढा मोठा आहे, हे तिला परक्या माणसाने सांगावं लागलं.

बाहेर लांब मार्गिकेत, जुन्या महापौरांच्या तसबिरींखाली, आल्विन बाकावर बसलेला होता. टोपी गुडघ्यावर, नजर दारावर. हेस्टर त्याच्याजवळ जाऊन बसली.

"सहा-चार," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. "सहावा कोण?"

"ट्रँटर. मेंढीमुळे."

"ती मेंढी काढायला मी होतो." मग तिच्याकडे न बघता, "चिडली असशील माझ्यावर."

"शिव्या घातल्या मनात. भरपूर."

"घालायच्याच. तू बाहेर येईपर्यंत मला कळत नव्हतं बरोबर केलं की गाढवपणा केला." तो टोपीची कड चाचपू लागला. "पंधरा दिवस झोप नव्हती, हेस्टर. नसरीनबाईंना विचारायला फोन उचलायचो आणि ठेवायचो. विचारलं तरी हितसंबंध झाला असता की काय, कोण जाणे."

"मला तरी सांगायचंस, दादा."

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, नियमाप्रमाणे कर. मग मी नियमाप्रमाणेच केलं."

तिला हसू आलं. एकाच आईची पोरं, एकाच भीतीने दोघांनीही आपल्या घराचं नाव टाळलं. एकाने उठून, एकीने खोडून.

काठीचा आवाज आला. टॅम्सिनच्या आधाराने बाबा मार्गिकेतून येत होते. बाकाशी येऊन ते थांबले. दोन वर्षांत ही दोघं एका बाकावर त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी काठी मधे आपटली.

"सरका."

दोघं दोन बाजूंना सरकली. बाबा मधे बसले आणि धाप ओसरल्यावर हात पुढे करून म्हणाले, "पुस्तक दे."

हेस्टरने बाड त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी बरोबर एकेचाळिसावं पान काढलं, इतक्या सरावाने, की हे बाड त्यांनी एकट्याने किती वेळा वाचलं असेल ते तिला तेव्हा कळलं. हेस्टरने पर्समधून पेन काढलं आणि 'जागा क्रमांक तीन' वर एक सरळ रेघ मारली. मग पेन त्यांच्या पलीकडे भावापुढे धरलं.

"तू लिही, दादा. तुझं अक्षर चांगलं आहे."

आल्विनने हात मागे घेतला. "मी लिहिलेलं चालेल का? मी बाहेर गेलेला माणूस."

"विषय संपला, बाबा," टॅम्सिन वडिलांना म्हणाली. "ते आत पाचव्यावर गेले. लिहा आता."

त्याने पेन घेतलं. मोठ्या ठसठशीत अक्षरांत त्याने रेघेच्या वर लिहायला सुरुवात केली, आणि रूबेन प्रोबर्ट नाक कागदाला लागेपर्यंत वाकून पाहू लागले.

"हॅनाला शेवटीही एच आहे," ते म्हणाले. "तो सोडू नकोस. आईला चालायचं नाही."